आव, अमीबा आणि मेच्निकॉफ

आमच्या सिल्लोडकडे पोटाच्या तक्रारींना शब्दांची कमतरता नाही. पोट बिघडतं, हगवण लागते, मुरडा येतो, आव पडते, रक्ती आव पडते. जुनी माणसं त्याहून गंभीर काही असेल तर आवाज खाली आणून 'संग्रहणी' म्हणतात. एवढे शब्द असूनही एका आजाराला मात्र आपल्याकडे धड नाव नाही. डॉक्टर मंडळी त्याला आयबीडी म्हणतात आणि नातेवाईक 'आतड्याला सूज आहे म्हणे' एवढ्यावर विषय संपवतात.

तर मंडळी, आजची पोस्ट या आजाराच्या इतिहासावर. कारण घरगुती आहे. माझ्या मावसभावाच्या मुलाला हा आजार आहे. त्याची परवानगी घेऊन लिहितोय, नाव अर्थातच लिहिणार नाही. पोरगं विशीतलं. जवळजवळ दोन वर्षं त्याला रक्त पडत होतं आणि दोन वर्षं तो अमीबाच्या गोळ्या खात होता. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं, परत तेच. मधे कुणी मूळव्याध सांगितली, कुणी क्षयाचं औषध (एकेटी हो, आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेलं!) सुरू करायचं म्हणत होतं. शेवटी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस.

नाव कळल्यावर नातेवाइकांची प्रश्नावली सुरू झाली. बाहेरचं खायचास का? मिरची फार खातोस का? (सिल्लोडच्या माणसाला हा प्रश्न!) टेन्शन घेतोस का? ते पोरगं मान खाली घालून ऐकत राहिलं. मला वाटलं, या प्रश्नांची उत्तरं शोधावीत. शोधता शोधता दीडशे वर्षांमागे गेलो आणि तिथे आपल्या मुंबईचा एक धागाही सापडला.

आधी थोडी ओळख. आयबीडी म्हणजे आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह, आणि त्यात मुख्य दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो, गुदद्वाराकडून सुरू होऊन वर सरकतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधे निरोगी जागा सोडत जातो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. (आयबीएस नावाचा आजार वेगळा. त्यात त्रास खरा असतो, पण आतड्याला जखमा नसतात. एका अक्षराच्या फरकाने लोक फार गोंधळ घालतात.)

या आजाराची वैद्यकाच्या इतिहासात पहिली ठळक नोंद झाली ती चक्क एका खुनाच्या खटल्यात! साल १८५९, देश इंग्लंड. इसाबेला बँक्स नावाची एक बाई जुलाब होऊन वारली आणि तिच्याशी लग्न केलेल्या डॉक्टर स्मेटहर्स्टवर विषप्रयोगाचा आरोप आला. सरकारी तज्ज्ञाला आर्सेनिक सापडलं, पण नंतर कळलं की ते त्याच्या तपासणीच्या तांब्यातच होतं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलच्या सॅम्युएल विल्क्स यांनी तिची आतडी पाहिली आणि आतल्या दाहाचं, व्रणांचं वर्णन लिहिलं. स्मेटहर्स्टला फाशीची शिक्षा झाली होती, ती माफ झाली. (पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न केल्याबद्दल तुरुंगात मात्र गेला.) म्हणजे 'याला कुणीतरी काहीतरी खाऊ घातलंय' हा संशय या आजाराच्या पाठीमागे अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

क्रोन्सचं नाव पडलं १९३२ मध्ये. न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांवर निबंध लिहिला. नावं वर्णानुक्रमे छापली, त्यात क्रोन पहिले आले आणि आजार त्यांच्या नावावर कायमचा चढला. पण त्याआधी १९१३ मध्येच ग्लासगोच्या डॅलझिल नावाच्या सर्जनने असेच रुग्ण नोंदवले होते. त्यांना त्यात गुरांच्या जोन्स रोगाशी साम्य दिसलं होतं. हा रोग क्षयाच्या जंतूच्याच एका भाऊबंदामुळे होतो, म्हणून मग 'क्रोन्सचाही असाच एखादा जंतू असेल' म्हणून शोध सुरू झाला. शंभर वर्षं झाली, असा एकच एक गुन्हेगार काही पक्का हाती लागलेला नाही.

आता मुंबईच्या धाग्याकडे येतो.

१८८२ च्या शेवटी इल्या मेच्निकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी सुट्टीसारखा राहत होता. घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले. हा एकटाच सूक्ष्मदर्शक लावून ताराम्याशाच्या पारदर्शक अळ्या पाहत बसला होता. त्याच्या डोक्यात आलं, या अळीत काटा टोचला तर तिच्या आतल्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा होतील का? बागेतून गुलाबाचे काटे आणले, टोचले. सकाळी पाहतो तर खरोखरच पेशींनी काट्याला घेराव घातलेला! शरीरातल्या पेशी परक्याला वेढतात आणि खातात, ही प्रतिकारशक्तीच्या शास्त्रातली पायाची कल्पना इथे जन्मली. १९०८ चं नोबेल मेच्निकॉफला याच कामासाठी पॉल एर्लिक यांच्याबरोबर विभागून मिळालं.

या मेच्निकॉफचा ओडेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. हो, तोच. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा हाफकिन. गुरूच्या मागोमाग तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला, तिथे ग्रंथालयात नोकरी करता करता पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःच टोचून घेतली. ते साल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, २२ जूनला पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. १८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला त्याचं नाव मिळालं.

आमचं सिल्लोड तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच राज्यात, सिकंदराबादला, त्याच १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला. सगळीकडे एकच मंत्र चालू होता: रोग म्हणजे जंतू, जंतू शोधा आणि मारा. आणि मंत्र खोटा नव्हता! पटकी, प्लेग, मलेरिया हे तसेच रोग होते. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी जगली ती या मंत्रावर.

आवेचंही तसंच झालं. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लॉश यांना आवेच्या रोग्यात अमीबा दिसला. १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी त्यावर एमेटिनची इंजेक्शनं यशस्वी करून दाखवली. तेव्हापासून हिंदुस्थानात रक्ती आव म्हणजे अमीबा हे समीकरण इतकं घट्ट बसलं की दुसरं काही असू शकतं याचा विचारच मागे पडला. आयबीडी हा गोऱ्या, श्रीमंत देशांचा आजार, आपल्या मातीत वाढलेल्याला तो होत नाही, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. मग पंजाबात लुधियाना जिल्ह्यात डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी लोकांमध्ये जाऊन ५१,९१० माणसं तपासली. २००३ मध्ये निष्कर्ष छापला: त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण, म्हणजे लाखामागे सुमारे ४४. आजार होता, आपण त्याला दुसऱ्या नावांनी हाका मारत होतो.

मेच्निकॉफची गोष्ट मात्र अजून अर्धीच सांगून झाली आहे. उतारवयात त्याचं लक्ष मोठ्या आतड्याकडे वळलं. त्याला वाटायचं, मोठ्या आतड्यातले जंतू अन्न कुजवतात, त्याचं विष रक्तात जातं आणि माणूस म्हातारा होतो. यावर उपाय म्हणून त्याने बल्गेरियातल्या शेतकऱ्यांचं आंबलेलं दूध सुचवलं, आंबवणारे जंतू कुजवणाऱ्यांना आवरतील म्हणून. स्वतः रोज पीत असे. (इकडे चरकसंहितेत ग्रहणीच्या अध्यायात ताकाची भरपूर स्तुती आहे. मात्र ग्रहणी म्हणजेच आयबीडी असं कुणी लगेच समजू नये. तो फार मोठा विषय आहे आणि त्यात बऱ्याच तक्रारी एकत्र येतात.) त्याच्या कल्पनेचा काही लोकांनी अतिरेकही केला. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर शरीरात विष होतं म्हणून लोकांची मोठी आतडीच कापून टाकू लागले!

म्हणजे पहा, पेशींची प्रतिकारशक्ती आणि आतड्यातले जंतू, हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या डोक्यात होते. पण त्याला ते जोडता आले नाहीत, कारण त्याच्या लेखी आतड्यातले बहुतेक जंतू शत्रू होते. ते जोडायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षं गेली.

मधल्या काळात आणखी एक वळण आलं आणि ते रुग्णांना फार महागात पडलं. जंतू सापडेना म्हटल्यावर १९३० च्या सुमारास काही डॉक्टर म्हणू लागले की दोष मनाचा आहे. रुग्ण हळवा, आईवर अवलंबून, राग गिळणारा असतो वगैरे. १९५० पर्यंत अल्सरेटिव्ह कोलायटिस मनोकायिक आजारांच्या प्रसिद्ध यादीत जाऊन बसला. ताणाने त्रास वाढू शकतो हे खरं, पण ताणाने हा आजार निर्माण होतो हे काही सिद्ध झालं नाही. 'टेन्शन घेतोस का?' हा आपला प्रश्न त्याच यादीचा पणतू आहे.

दरम्यान औषधं कल्पनांच्या पुढे धावत होती. स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांनी सांधेदुखीसाठी सल्फासॅलॅझिन बनवून घेतलं, ते कोलायटिसलाच लागू पडताना दिसलं आणि १९४२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी २१० रुग्णांवर कॉर्टिझोनचा प्रयोग छापला. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं की आतडं शांत होतं, हे त्यातून दिसलं. याचा अर्थ काहीतरी पेशींच्या बाजूने बिघडलंय.

सल्फासॅलॅझिनची गंमत पुढे उलगडली. ही गोळी मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जंतू तिचे दोन तुकडे करतात, आणि १९७७ मध्ये ट्रुलव्ह यांच्याबरोबर काम करणाऱ्या आझाद खान यांनी (हे पुढे बांगलादेशातले नामवंत डॉक्टर झाले) दाखवलं की त्यातला एक तुकडाच खरं औषध आहे. म्हणजे ज्या जंतूंना आपण सरसकट शत्रू म्हणत होतो तेच आतल्या आत औषध उघडून देत होते. मला हे वाचून फार मौज वाटली. आमचं पोरगंही सुरुवातीला हीच स्वस्तातली गोळी घेत होतं.

मग १९९० च्या दशकात कोडं सुटायला लागलं. बेल्जियमच्या रुटगीर्ट्स यांनी १९९१ मध्ये क्रोन्सचे काही रुग्ण पाहिले. खराब भाग कापून आतडं जोडलेलं, पण त्यातून जाणारा मळ काही महिने वरूनच पिशवीत काढलेला. तेवढा काळ जोडाजवळ आजार उलटला नाही. मळाचा मार्ग पुन्हा सुरू केला आणि आजार परतला. १९९३ मध्ये जर्मनीत एक उंदीर तयार झाला, ज्याच्यात प्रतिकारशक्तीला 'शांत हो' सांगणारा आयएल-१० नावाचा रेणूच नव्हता. त्याला आतड्याचा दाह झाला. तसेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले तर दाह झाला नाही. म्हणजे बिघडलेली प्रतिकारशक्ती आणि जंतू दोन्ही असतील तेव्हाच आग लागते. नुसती काडी नाही, नुसतं गवत नाही.

२००१ मध्ये क्रोन्सशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं, नॉड-२. ते काय करतं? जंतूंच्या भिंतीचा एक तुकडा ओळखतं! दोन्ही धागे एकाच गाठीत. आणि इथे आपल्यासाठी एक टीप आहे: युरोपीय रुग्णांत दिसलेले या जनुकातले ते तीन प्रमुख बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडलेच नाहीत. तिकडचं उत्तर जसंच्या तसं इकडे चालत नाही.

मग शांततेच्या काळात आतड्यात चालतं तरी काय? आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जंतू आहेत, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांच्यात आणि आपल्या रक्तात अंतर किती, तर शेंबडासारखा एक थर आणि पेशींची एकेरी रांग. भिंतीपलीकडे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोठी फौज उभी. हे जंतू आपल्याला न पचणारा कोंडा, तंतू खातात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. त्यावर आपल्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. काही जंतू तर फौजेतल्या 'आवरणाऱ्या' टी-पेशी वाढवतात. (या पेशींच्या शोधासाठी साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं.) म्हणजे हे जंतू नुसते पाहुणे नाहीत, ते फौजेला शिस्त लावणारे शिक्षकही आहेत. आयबीडीत यांची विविधता घटते, ब्युटिरेट बनवणारे कमी होतात, भिंत गळकी होते आणि फौज घरच्यांवरच तुटून पडते. आधी जंतू बिघडले की आधी फौज, यावर वाद अजून चालू आहे.

आणि आता पुण्याकडे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेतल्या डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीय पोटातल्या जंतूंवर बरीच वर्षं काम केलं. २०१२ चा त्यांचा एक अभ्यास मला फार आवडला, कारण तो एकत्र कुटुंबांचा आहे. एका छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्या घेऊन वयाप्रमाणे आतड्यातले जंतू कसे बदलतात ते त्यांनी पाहिलं. असा अभ्यास करायला एकत्र कुटुंब हवं, ते अजून आपल्याकडे आहे! पुढे २०१६ मध्ये दिसलं की भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जंतूंचं प्रमाण जास्त असतं. प्रिव्होटेला हा धान्य, डाळी, तंतू खाणाऱ्यांचा सोबती. पुण्यातच निरोगी माणसांच्या मळातून वेगळ्या केलेल्या एका नव्या जातीला २०१४ मध्ये मेगास्फेरा इंडिका असं नावही मिळालं.

मग ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर, ताकावर, मातीत खेळून वाढलेल्या सिल्लोडच्या पोराला हा आजार का झाला? १९८९ मध्ये स्ट्रॅचन यांनी मांडलं की लहान कुटुंबात, कमी संसर्गात वाढणाऱ्या मुलांना गवतज्वरासारखी ॲलर्जी जास्त होते, आणि तिथून स्वच्छतेचा सिद्धान्त निघाला. लोकांनी त्याचं 'घाण चांगली' असं करून टाकलं. ते तसं नाही. डुकरातल्या जंताची अंडी पाजून क्रोन्स बरा करण्याचे प्रयोगही झाले, २००५ मध्ये आशा वाटली, पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत ती टिकली नाही. निरोगी माणसाच्या मळातले जंतू रुग्णाला देण्याची ऑस्ट्रेलियातली २०१७ ची चाचणी थोडी बरी निघाली: अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये २७ टक्क्यांना आराम, तर नकली उपचारात ८ टक्क्यांना. म्हणजे काहीतरी आहे, पण जादू नाही.

एक नोंद मात्र विचार करायला लावते. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये १९९२ मध्ये दिसलं की तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण स्थानिक गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे. जनुकं तीच, मुलूख बदलला. आणि आता मुलूख बदलायला विमानात बसावं लागत नाही. प्रतिजैविकं गावच्या दुकानात मिळतात, पुड्यातलं खाणं वस्तीवर पोचलंय. यातलं नेमकं काय कारणीभूत, हे एका माणसाबाबत बोट ठेवून कुणीच सांगू शकत नाही. म्हणूनच 'काय खाल्लंस?' हा प्रश्न निरर्थक आहे. त्याच ताटात त्याची बहीणही जेवली, तिला काही झालं नाही.

आपल्या भागासाठी अवघड जागा एकच आहे, क्षय. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय दुर्बिणीतून एकमेकांसारखे दिसतात. क्षयाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं तर क्षय उसळतो. टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं १९९८ पासून क्रोन्ससाठी आली, आणि २००१ मध्येच त्यांनी दबलेला क्षय जागा होतो अशी नोंद झाली. टीएनएफ हाच रेणू क्षयाच्या जंतूला कोंडून ठेवतो, मेच्निकॉफच्या पेशी काट्याला घेराव घालतात तसा. म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. उशीर होतो म्हणून डॉक्टरांवर चिडू नये.

आमचं पोरगं सध्या बरं आहे. औषध चालू आहे आणि ते चालूच राहणार. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायचं नसतं, हे त्याला पटलंय, त्याच्या आजीला अजून पटायचंय. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हाच आजार होता, तो सांभाळत ते त्या देशात सगळ्यात जास्त काळ पंतप्रधान राहिले, हे मी आजीला सांगून पाहिलं. "तो भाकरी खात होता का?" एवढंच विचारलं तिने.

असो. नातेवाइकांना दोन विनंत्या. रक्त दोन-तीन आठवड्यांहून जास्त पडत असेल तर परत परत अमीबाच्या गोळ्या खाऊ नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि दिवाळीला हे पोरगं घरी येईल तेव्हा त्याला काय चालतं ते त्यालाच विचारून वाढा, बाकी चौकशी क्रिकेटची करा.

ब्लॉगदोस्तांपैकी कुणाच्या घरी हा पाहुणा असेल तर जरूर लिहा. त्याला वाचायला देईन.